पाणी लांब, थेंब न्हाय

शिकलगार साहेबांना शब्द सुचला नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या पॅसेजमध्ये. डॉक्टरांनी अगदी साधा प्रश्न विचारला होता आणि आमच्या भट्टीवरच्या तानाजीनं त्याचं तितकंच साधं उत्तर दिलं होतं. ते ऐकून साहेबांनी भिंतीला हात टेकला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तो भिंतीवरचा हात माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पण त्या हाताचं सांगायचं तर आधी साहेब कोण होते ते सांगायला हवं.

दस्तगीर शिकलगार. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि गाड्यांचे सुटे भाग काढायचे, हे आमचं काम. साहेब तिथं सेफ्टी ऑफिसर, मी टाइम ऑफिसात. हजेरी, रजा, नोटिसा सगळं माझ्या टेबलावर. ते कागलहून मोटरसायकलवर यायचे, मी राजारामपुरीतून कंपनीच्या बसनं. उंच, सडपातळ माणूस. शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे, त्यामुळं खिसा पांढरा. त्यांच्या बायकोनं म्हणे त्या खिशापुढं हात टेकले होते. भट्टीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं ते मोठ्यानंच बोलायचे. फोनवर बोलताना तर पलीकडच्याला फोनची गरज काय, असं वाटायचं. जेवायचे उभ्यानं, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या जागी, काय चाललंय ते बघत.

आणि कुठलाही कागद समोर आला, की वाचायच्या आधी एकच शब्द: "कुणाला?"

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. वीज कंपनीनं त्या आठवड्यात आमच्या भागाचा वीज बंद ठेवायचा वार बदलला होता, म्हणून सुट्टीही बदलली. जुन्या फायली बघून मी नोटीस टाइप केली. सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, अपरिहार्य कारणास्तव साप्ताहिक सुट्टीच्या वारामध्ये बदल करण्यात येत असून त्याची नोंद घ्यावी. खाली मालकांची सही. मला ती झकास वाटत होती. साहेबांनी ती हातात घेतली, "कुणाला?" विचारलं, मी "कामगारांना" म्हटलं, तर म्हणाले, चला मग, त्यांनाच वाचून दाखवू.

मला ते खरोखरच शॉपमध्ये घेऊन गेले. ग्राइंडिंग मशीनवरच्या एका वयस्कर माणसाला त्यांनी मशीन बंद करायला लावलं आणि मला म्हणाले, वाचा. मी वाचलं. त्या माणसानं डोक्यावरचं फडकं काढून, देवळात उभं राहावं तसं उभं राहून सगळं ऐकलं. मग घाबऱ्या आवाजात विचारलं, "म्हंजे पगार कापणार व्हय, मॅडम?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातला खडू काढला आणि तिथल्याच लोखंडी पत्र्यावर लिहिलं: ह्या आठवड्यात सुट्टी सोमवारी न्हाय, गुरुवारी हाय. पगार तेवढाच.

परत येताना ते मला म्हणाले, "ताई, माणूस कागद वाचत न्हाय. आपल्याला काय हुणार, तेवढंच वाचतो. ते आधी सांगायचं."

ती दोन शब्दांची शेवटची ओळ, "पगार तेवढाच" ही, मला कधी सुचली नसती. मालकांनी तर ती सांगितलीच नव्हती. समोरच्याच्या पोटात काय भीती आहे ते ओळखून साहेबांनी ती घातली होती. पुढं मी नोटीस लिहायच्या आधी शॉपमध्ये एक चक्कर मारू लागले. बाकीचे हसायचे, मॅडम कविता करायला निघाल्या म्हणायचे.

साहेबांचं हे वेड कारखान्यापुरतं नव्हतं. त्यांच्या मुलीला, शबानाला, निपाणीचं स्थळ आलं होतं. माणसं चांगली, मुलगा कमावता, पण शबानाला अजून शिकायचं होतं आणि तिनं नको म्हटलं. आता नकार कळवायचा. साहेब दोन दिवस डब्याच्या वेळी खिडकीशी उभं राहून तेच लिहीत होते. मी म्हटलं, पत्रिका जुळत नाही म्हणतात तसं तुमच्यात काहीतरी असेल की, ते लिहा आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, मुलाच्या आईला वाचता येत नाही. म्हणजे पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचणार. पावणेरावळे बसलेले असणार. त्यांच्यादेखत तिच्या पोराला नाकारलेलं तिला ऐकावं लागणार. तर ते असं पाहिजे, की ऐकून त्या बाईची मान खाली जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, जमलं का पत्र? ते म्हणाले, फाडलं. "हे लिवायचं कामच न्हवं, ताई. हे जाऊन सांगायचं हाय." रविवारी ते एकटेच निपाणीला गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी त्या मुलाचं लग्न दुसरीकडं ठरलं, तेव्हा साहेबांना घरचं आमंत्रण होतं आणि जेवणाच्या पंगतीत वाढायला ते उभे होते.

असा माणूस. म्हणून तर त्या बोर्डाचं एवढं कौतुक झालं.

वितळलेल्या लोखंडाचा आणि पाण्याचा उभा दावा. ओला भंगाराचा तुकडा जरी भट्टीत पडला, तरी पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ लोखंडाला उडवते. माणसं जातात त्यात. त्यासाठी भट्टीजवळ एक जुना बोर्ड होता. वितळलेल्या धातूच्या सान्निध्यात जल अथवा आर्द्र पदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे, असा. त्याच्याच खाली पोरं पाण्याच्या बाटल्या ठेवायची.

साहेब कितीतरी दिवस भट्टीपाशी जाऊन बसत होते. काय करता, विचारलं तर म्हणायचे, ऐकतोय. तिथं कुणी उभं राहून वाचत नाही, तिथं माणसं ओरडून बोलतात. तेव्हा बोर्डावर जे लिहायचं ते ओरडता आलं पाहिजे. आणि मग पिवळ्या पत्र्यावर, लांबून दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत बोर्ड लागला:

पाणी लांब. थेंब न्हाय.

बाटल्या आठवड्याभरात गेल्या. पोरं ते एकमेकांना ओरडून सांगू लागली. कुणी घामेजलेला हात झटकला तरी, "ए, थेंब न्हाय!" कॅन्टीनमध्ये कुणी पाण्याचा जग उचलला की मागून आवाज यायचा, पाणी लांब. भट्टीवरच्या पोरांनी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नावच "थेंब न्हाय" ठेवलं. मालकांनी पाहुण्यांना बोर्ड दाखवायला सुरुवात केली. साहेब वरवर म्हणायचे, त्यात काय, पण त्या बाजूनं जाताना त्यांची मान जरा वर व्हायची, हे मी पाहिलंय.

दीपक खोत भट्टीवर होता. कागलच्या बाजूच्या खेड्यातला, घरी दोन म्हशी. पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून कामावर यायचा. त्या दिवशी ओतकाम चालू असताना लोखंडाचा शिंतोडा उडून त्याच्या उजव्या हातमोज्यावर पडला. हातमोजा पेटला. तानाजी त्याचा जोडीदार, त्यानं तो ओढून काढला. बाजूला चार पावलांवर हात धुवायचा नळ होता. एक जण धावत मगभर पाणी घेऊन आला आणि तानाजीनं तो मग त्याच्या हातातून उडवला. पाणी लांब. सगळ्यांना ते पटलं. दीपकचा हात त्यांनी कोरड्या फडक्यात गुंडाळला, त्याला कंपनीच्या जीपमध्ये घातलं आणि हायवेच्या गर्दीतून दवाखान्यात आणलं. सगळी धडपड जिवापाड केलेली. एकही माणूस कमी पडला नाही.

मी त्याची कागदपत्रं घेऊन मागून पोचले. साहेब माझ्या आधीच आलेले. डॉक्टर आतून बाहेर आले. तरुण होते, थकलेले होते. त्यांनी विचारलं, भाजल्याबरोबर हात पाण्याखाली धरला होता का?

तानाजी पुढं झाला. "न्हाय साहेब," तो म्हणाला. "थेंबसुद्धा लागू दिला न्हाय."

आणि त्यानं शिकलगार साहेबांकडं बघितलं. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर पोरगं मास्तरांकडं बघतं तसं.

डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, धरायला हवा होता. भाजल्यावर पहिलं काम म्हणजे साधं गार पाणी, बराच वेळ. आग आत उतरायची थांबते. आता खोल गेलंय, बघू काय वाचतंय ते. एवढं बोलून ते आत गेले.

तेव्हा साहेबांनी भिंतीला हात टेकला. तानाजी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मग तो खालीच बसला, फरशीवर. माझ्या मनात येत होतं ते इतकंच, की बोर्ड चुकीचा नव्हता. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आणि तोच बोर्ड आत त्या पोराच्या हातात उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तेव्हा साहेब शिडीवर चढून पान्यानं बोर्डाचे बोल्ट काढत होते. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. पोरांच्या ग्रुपचं नावही सकाळी बदललेलं होतं. कुणी बदललं, ते कुणीच सांगितलं नाही.

दीपकचा हात राहिला, पण बोटं आखडली. कातडी लावली, दोनदा ऑपरेशन झालं. मूठ पुरती वळत नाही, पुरती उघडत नाही.

अपघाताचा अहवाल सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला जायचा होता. साहेबांनी सांगितला, मी टाइप केला. अपघात कसा झाला ते सगळं होतं, आणि शेवटी एक परिच्छेद: भट्टीजवळचा सूचनाफलक मी लिहिला. तो भट्टीपुरता बरोबर होता, पण भाजलेल्या माणसाला पाणी लावायचं की नाही हे त्यात नव्हतं. कामगारांनी तो अक्षरशः पाळला आणि त्यामुळं इजा वाढली. चूक माझी आहे.

मालकांनी तो वाचून आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. दवाखान्यात रोज फोन करत होते. त्यांचं म्हणणं असं, की ट्रेनिंगमध्ये भाजल्यावरच्या पाण्याचं शिकवलंय, सगळ्यांच्या सह्या आहेत, कायद्यानं तुमच्याकडं बोट दाखवता येत नाही, मग स्वतःहून कशाला गळ्यात दोर घालून घेता? साहेब म्हणाले, ट्रेनिंग वर्षातनं एकदा, फॅनच्या आवाजात. बोर्ड रोज डोळ्यांपुढं. माणसाला घाईत काय आठवणार, हे मला कळायला पाहिजे होतं.

मग मालक म्हणाले, "शिकलगार, तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना, वाचणारा कोण ते बघून लिहा म्हणून? हे इन्स्पेक्टर वाचणार आहे. त्याला हे कशाला पाहिजे?"

मी मान खाली घातली. त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटलं होतं आणि मला वाटलं, संपलं.

"त्याच्यासाठीच लिवलंय, साहेब," शिकलगार म्हणाले. एरवीचा तो मोठा आवाज नव्हता. "ह्या पट्ट्यात जेवढ्या भट्ट्या हायत, तेवढ्या सगळ्या त्यो फिरतो. असला बोर्ड आणि कुठं कुठं आसंल, मला ठावं न्हाय. त्याला ठावं हुईल. दीपकचा हात आता कागदानं बरा हुणार न्हाय. दुसऱ्याचा वाचंल."

मालकांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटी सही केली. नंतर कित्येक दिवस ते साहेबांशी कामापुरतंही नीट बोलले नाहीत. वरून साहेबांना लेखी ताकीद आली. इन्स्पेक्टर येऊन गेला, नळाजवळ भाजल्यावर काय करायचं त्याचा फलक लावा असं सांगून गेला. तो फलक साहेबांनी लिहिला नाही. पोरांना गोळा करून म्हणाले, तुम्ही सांगा, मी फक्त खडू धरतो. तानाजी त्या बैठकीला आला, पण एक शब्द बोलला नाही.

इथं ही गोष्ट थांबली असती तर मी साहेबांना फक्त मोठा माणूस म्हणून लक्षात ठेवलं असतं. पण त्यांना दीपकच्या घरी जायचं होतं. कंपनीच्या जीपमधून आम्ही दोघं गेलो, मला काही कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या.

दीपक सोप्यात बसला होता, हात मांडीवर ठेवून. त्याची आई नुकतीच धार काढून आली होती, हाताला अजून दुधाचा वास होता. आता धारा तीच काढायची. तिनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. साहेबांनी चहा व्हायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. सरळ, काही न लपवता. बोर्ड माझा होता, पोरांनी माझं ऐकलं, पाणी लावलं असतं तर हात एवढा गेला नसता. तुम्हाला हे माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो.

मला वाटत होतं, आता ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा देवाच्या मनात होतं म्हणून सोडून देईल. दीपक खाली बघत होता. आई उठली, चुलीवरचं आधण उतरवून खाली ठेवलं, आणि उभी राहूनच बोलली.

"हे मला कशापायी सांगिटलंसा? आजपातूर मी म्हणत हुते, देवानं केलं. देवाला शिव्या देऊन दीस काढत हुते. देव काय परत बोलत न्हाय. आता तुमी म्हंतासा, चार पावलांवर पाणी हुतं. आता मी रोज ती चार पावलं मोजत बसू व्हय? तुमचं वझं तुमी हलकं केलासा, पावणं. माझ्या डोक्यावर ठिवलासा."

आम्ही उठलो. चहा झाला नाही.

परतताना जीप हायवेला लागली. ऊस भरलेला एक ट्रॅक्टर पुढं चालला होता, त्याच्या मागं आम्ही बराच वेळ रखडलो. तेव्हा ते मला म्हणाले, "ताई, मी कुणासाठी गेलतो?"

मी काय सांगणार? निपाणीच्या, कधी न बघितलेल्या बाईची मान खाली जाऊ नये म्हणून दोन दिवस विचार करणारा माणूस. त्याला या बाईच्या दारात जाताना तेवढं सुचलं नाही. कारण या वेळी दुखणं त्याचं स्वतःचं होतं. मला तो धक्का अपघातापेक्षा मोठा वाटला. इतकं समजणाऱ्याला जर चुकतं, तर आम्ही रोज किती जणांच्या डोक्यावर काय काय ठेवत असू.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करायचं नाही म्हणाले आणि खरंच केलं नाही. मला फोन करायचे अधूनमधून, त्याच दणदणीत आवाजात. त्यातूनच कळलं, की दीपकला बोटांच्या व्यायामासाठी राजारामपुरीत फिजिओथेरपीला यावं लागतं, एसटीनं येणं जमत नाही, म्हणून हे त्याला मोटरसायकलवर घेऊन येतात. त्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवतात, आत जात नाहीत. मी विचारलं, आई काही बोलते का? म्हणाले, "न्हाय. चहा बी देत न्हाय म्हातारी. द्यायला बी नको."

गेल्या महिन्यात मी भाजी घेऊन घरी चालले होते, तर आमच्याच गल्लीतल्या त्या क्लिनिकसमोर ते दोघं दिसले. रिक्षा, गाड्या, क्लासला निघालेली पोरं, सगळी गर्दी. साहेब बरेच वाकलेत आता. दीपक मोटरसायकलपाशी उभा होता, डोक्यावर हेल्मेट होतं पण पट्टा मोकळा लोंबत होता. त्याच्या बोटांना ते बक्कल जमत नाही. साहेबांनी गाडी स्टँडवर लावली, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. दीपकनं मान वर केली. साहेबांनी पट्टा ओवला, बक्कल लावलं, मग पट्टा आणि गळा यांच्यामध्ये एक बोट घालून बघितलं, फार आवळला तर नाही ना. थोडा सैल केला. पुन्हा बोट घालून बघितलं.

मी रस्त्याच्या अलीकडं होते. हाक मारणार होते, पण नाही मारली. दीपक मागं बसला, डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि साहेबांनी गाडीला किक मारली.